नळीचे सूप: हाडांना बळ, की केवळ समजूत?

घरात कोणाचे हाड मोडले, बाळंतीण माहेरी आली किंवा आजारातून उठलेल्या वृद्धाची ताकद भरून काढायची असली, की मांसाहारी कुटुंबांत पहिली आठवण होते ती नळीच्या सुपाची. खाटकाला आवर्जून 'नळ्या जास्त घाला' असे सांगितले जाते. हळद, आले, लसूण घालून मटण उकडले जाते, वरचे अळणी पाणी वाटीत गाळून आजाऱ्याला दिले जाते आणि उरलेल्या मटणाचा झणझणीत रस्सा बाकीच्या घरासाठी होतो. 'सगळे सत्त्व सुपात उतरते', हा विश्वास या वाटणीमागे असतो. पोषणशास्त्राच्या कसोटीवर मात्र ही वाटणी नेमकी उलटी ठरते.

नळी म्हणजे बोकडाच्या किंवा मेंढ्याच्या पायाचा गुडघ्याखालचा, खुराच्या वरचा भाग. जनावराच्या शरीरात सर्वाधिक राबणारा हा अवयव असल्याने येथील मांसात चरबी कमी आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या चिवट पांढऱ्या ऊतींचे प्रमाण अधिक असते. या ऊतींत मुख्यत्वे कोलॅजन हे प्रथिन असते. ओलसर उष्णतेत ते दीर्घकाळ राहिले की विरघळून त्याचे जिलेटिन होते. नळीचे सूप गार झाल्यावर फ्रिजमध्ये जेलीसारखे थरथरते आणि खाताना ओठांना चिकटते, ते यामुळेच. एका बोकडाच्या नळ्या चारच. त्यामुळे किलोभर मटणात एखाददुसरीच वाट्याला येते, आणि ती कोणाच्या ताटात पडावी यावरून घरोघरी लाडिक भांडणे होतात. ताटावर आपटून, चोखून काढलेला मगज चविष्ट असतो यात शंका नाही; पण पूर्ण वाढलेल्या जनावराच्या नळीतील मगज ही बव्हंशी चरबीच असते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

हाडांतून अन्न मिळवण्याची धडपड जुनी आहे. आज घरोघरी शिट्ट्या देणाऱ्या प्रेशर कुकरचा पूर्वज मुळात हाडे मऊ करण्यासाठीच जन्माला आला. डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकाने लंडनमध्ये हे यंत्र सिद्ध केले आणि १६८१ साली त्याविषयी पुस्तक लिहिले. पुढे फ्रान्समध्ये हाडांतून काढलेले जिलेटिन गरिबांना आणि रुग्णांना मांसाऐवजी देता येईल काय, याची चौकशी करण्यासाठी विज्ञान अकादमीने समिती नेमली. शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी यांच्या नेतृत्वाखालील या समितीने १८४१ साली दिलेला निष्कर्ष निराशाजनक होता: केवळ जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नाहीत. त्याचे कारण नंतर उमगले. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी जी अमिनो आम्ले आहेत, त्यांपैकी ट्रिप्टोफॅन जिलेटिनमध्ये नसतेच. म्हणजे जिलेटिन हे प्रथिन खरे, पण अपुरे.

कॅल्शियमची कथाही निराळी नाही. मॅकान्स, शेल्डन आणि विडोसन या तीन ब्रिटिश संशोधकांनी १९३४ साली हाडांच्या आणि भाज्यांच्या सुपाची रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. हाडातील कॅल्शियम पाण्यात फारच थोडे उतरते आणि दुधाशी अशा सुपाची तुलना होऊ शकत नाही, असे त्यांना आढळले. व्हिनेगर किंवा टोमॅटोसारखा आंबट पदार्थ घातल्यास प्रमाण किंचित वाढते, इतकेच. पाव लिटर गाईच्या दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. हाड सांधण्यासाठी कॅल्शियम हवे असेल तर ते नाचणीच्या भाकरीत आणि दुधात शोधावे.

मग नळी निरुपयोगी काय? मुळीच नाही. तिच्यावरचे मांस उत्तम आहे. १०० ग्रॅम कच्च्या, चरबी नसलेल्या मटणात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. शिवाय शरीरात सहज शोषले जाणारे लोह, जस्त आणि ब-१२ जीवनसत्त्व. जखम भरण्यास, हाड सांधण्यास आणि झिजलेले स्नायू पुन्हा उभे राहण्यास हीच सामग्री लागते. आजाऱ्याला पातळ पाणी देऊन हे मांस इतरांच्या रश्श्यात घालणे म्हणजे ज्याला गरज आहे त्यालाच उपाशी ठेवणे होय. मंद आचेवर शिजलेल्या नळीचे मांस बोटांनी सुटावे इतके मऊ होते. दात नसलेल्या आजोबांनाही ते सुपात कुस्करून देता येते. सुपाने भूक चाळवते, घशाला ऊब मिळते, पाणी पोटात जाते. ही कामे सुपाने करावीत, पोषणाचे काम मांसाने.

खाटकाकडे काय पाहावे

महाराष्ट्रात 'मटण' म्हणजे बहुधा बोकडाचे. घाटावर मेंढ्याचेही खपते. कोवळ्या जनावराचे मांस फिकट गुलाबीकडे झुकणारे, तर वय झालेल्याचे गडद लाल असते. खरी ओळख मात्र हाडाच्या कापात पटते. कोवळे हाड आतून लालसर आणि ओलसर दिसते, थोराड जनावराचे पांढरे, टणक. त्यातील मगजही पिवळसर. थोराड नळी टाकाऊ नव्हे. तिला वेळ अधिक लागतो आणि सूप अधिक दाट होते. घाई असेल तर कोवळी घ्यावी. मांस बोटाने दाबल्यास पुन्हा वर यायला हवे. पृष्ठभाग ओलसर चालेल, बुळबुळीत नको. आंबूस वास आल्यास भाव कितीही कमी असो, घेऊ नये. परवाना दर्शनी भागात लावलेले, जाळी किंवा काच असलेले दुकान निवडावे. पालिकेच्या कत्तलखान्यातून तपासून आलेल्या मांसावर शिक्का असतो. तो विचारण्यात संकोच कसला?

नळीत वजनाचा मोठा वाटा हाडाचा असल्याने माणशी पाव किलोचा हिशेब धरावा. ओंडक्यावर सत्तूर मारून तोडलेल्या हाडाच्या बारीक कपच्या उडतात आणि त्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. तुकडे मोठे मागावेत आणि सूप बारीक गाळणीतून गाळूनच द्यावे. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा घरून नेलेला झाकणाचा स्टीलचा डबा केव्हाही चांगला.

फ्रिजवर किती भरवसा?

आखाडात, श्रावण लागण्यापूर्वी, एकदम तीन-चार किलो मटण आणून ठेवण्याची शहरांत चाल आहे. दुकानातून आणलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे. पारा ३२ अंशांवर असेल, आणि नागपूर-सोलापुरात तो कित्येक महिने असतो, तर एका तासाच्या आत. फ्रिजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असावे. कच्चे मटण झाकणाच्या डब्यात सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे त्याचे पाणी भाज्यांवर, दुधावर गळत नाही. शास्त्रीय मर्यादा तीन ते पाच दिवसांची असली, तरी दिवसभर दार उघडझाप होणाऱ्या घरगुती फ्रिजमध्ये दोन दिवसांत ते संपवणे शहाणपणाचे. वीज गेल्यास बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास तग धरतो. जेथे भारनियमन होते तेथे हा हिशेब लक्षात असू द्यावा.

नुकतेच कापलेले मटण थेट फ्रीझरमध्ये टाकू नये. कत्तलीनंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि पुढे हळूहळू सैल होतात. हे चक्र पुरे होण्याआधीच गोठवलेले मांस वितळल्यावर अधिक चिवट होते. एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून, एकावेळी लागेल तेवढ्याच वाट्यांत विभागून, हवा काढलेल्या पिशव्यांत भरून मग ते उणे १८ अंशांवर गोठवावे. वितळवायचे तेही रात्रभर फ्रिजमध्येच, ओट्यावर नव्हे. आणि एकदा वितळलेले कच्चे मटण पुन्हा गोठवू नये.

कच्च्या मटणाविषयी दक्ष असणारी घरे शिजलेल्या सुपाबाबत हमखास गाफील राहतात. 'उकळले आहे, आता काय होणार' या विचाराने पातेले रात्रभर ओट्यावर राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळी सोसून जिवंत राहतात आणि मोठ्या पातेल्यात हळूहळू कोमट होणाऱ्या रश्श्यात झपाट्याने वाढतात. पोटात कळा आणि जुलाब हा त्याचा परिणाम. निरोगी माणूस एका दिवसात सावरतो. ज्याच्यासाठी सूप केले त्या वृद्धाला वा आजाऱ्याला ते जड जाऊ शकते. म्हणून सूप उथळ भांड्यांत ओतावे, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवावीत आणि वाफ ओसरताच फ्रिजमध्ये सरकवावीत. तेथे ते तीन दिवस टिकते. घेताना लागेल तेवढेच काढून खळखळून उकळावे, नुसते कोमट करू नये.

आच मंद, मीठ शेवटी

अर्धा किलो नळीला सव्वा लिटर पाणी, चमचाभर आले-लसूण वाटण, अर्धा चमचा हळद, एक कांदा, आठ-दहा मिरे आणि दोन लवंगा एवढे पुरे. पाणी उकळू लागताच वर येणारा फेस काढून टाकावा. पातेल्यात मंद आचेवर अडीच ते तीन तास लागतात. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून कोवळ्या नळीला ३० ते ३५ मिनिटे, थोराडाला पाऊण तास द्यावा. मोठ्या आचेवर धडाधड शिट्ट्या घेतल्याने मांसाचे दोरे होतात आणि हाडालगतचा भाग तसाच चिवट राहतो. कच्ची पपई लावण्याची नळीला गरज नाही. येथे मऊपणा येतो तो वेळेने.

सूप आदल्या दिवशी केल्यास मोठा फायदा होतो. रात्रीतून चरबीचा पांढरा थर वर घट्ट बसतो आणि चमच्याने उचलून काढता येतो. हृदयविकार किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्यांसाठी हे करणे आवश्यकच. मीठ शेवटी, चव पाहून घालावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरते, आणि खारट सुपाच्या दोन वाट्यांत त्यातले बरेच संपून जाते. लिंबू पिळल्यास कमी मिठाचे सूपही फिके वाटत नाही. इटलीतील मिलान शहरात वासराच्या नळीचे आडवे काप मंद आचेवर शिजवतात. 'ओस्सोबुको' म्हणजे पोकळ हाड, हे त्या पदार्थाचे नाव. त्यावर लिंबाची किसलेली साल, लसूण आणि पार्सली भुरभुरतात. आपल्याकडे लिंबू-कोथिंबीर हेच काम करते.

कोल्हापुरी पांढरा रस्सा किंवा मुंबईत मोहम्मद अली रोडच्या परिसरात मिळणारी नल्ली निहारी यांना मात्र आजाऱ्याचे सूप समजू नये. पहिल्यात नारळाचे दूध, दुसरीत तुपाचा तवंग. सणासुदीला ते अवश्य चाखावे.

सूप सर्वांनाच मानवते असेही नाही. मांसातील प्युरिन पाण्यात उतरतात आणि शरीरात त्यांचे यूरिक आम्ल होते, म्हणून गाउटच्या रुग्णांना मांसापेक्षाही त्याचे उकळलेले पाणी अधिक त्रासदायक ठरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सूप आणि मांस दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. आणि जेवणानंतर उरलेल्या, शिजलेल्या नळ्या गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकू नयेत. शिजल्याने ठिसूळ झालेल्या हाडांचे टोकदार तुकडे पडतात आणि ते त्यांच्या आतड्यांना इजा करतात.