डिझेलच्या भट्टीतला वायू

धूर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळा लोट येतो. आज ज्या वायूची हकीकत सांगायची आहे, तो एंजिनातून निघताना बहुतांशी दिसतच नाही.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले एंजिन चालवून दाखवले. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावे, ठिणगी नकोच! वाफेच्या एंजिनाच्या मानाने इंधन फार थोडे लागे. पण त्याच प्रखर उष्णतेत हवेतल्या निरुपद्रवी नायट्रोजनचा प्राणवायूशी संयोग होतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, याची चिंता तेव्हा कोणाला असणार?

ती वाटू लागली अमेरिकेत. १९४३ साली लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे धुरके उतरले. अननसाच्या स्वादाचे रसायन अभ्यासणारे प्राध्यापक हागेन-स्मिट पुढे या प्रश्नाकडे वळले. मोटारींच्या धुरातली हायड्रोकार्बने आणि ही ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन होतो, असं त्यांनी १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिलं.

मग उपाय सुरू झाले. थोडा धूर पुन्हा एंजिनात सोडून ज्वाला थंड करावी, तर काजळी वाढते. इकडे आड, तिकडे विहीर! दुसरा उपाय आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा: युरिया. त्याचे द्रावण तापलेल्या धुरात फवारले की अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर ऑक्साइडांचा पुन्हा नायट्रोजन व पाणी होते. मात्र त्याला सुमारे २०० अंश सेल्सिअसची ऊब लागते.

मी इतिहासाचा माणूस. मला खरी गंमत वाटते ती इथे. प्युजो कंपनीने २०११-१२ च्या सुमारास डिझेल आणि वीज यांची जोडगाडी बाजारात आणली. गर्दीत एंजिन बंद, तेलाची बचत. पण एंजिन थांबले की उत्प्रेरक थंडावतो, आणि ते पुन्हा सुरू होताच पहिला धूर जवळजवळ तसाच बाहेर पडतो. काटकसरच आड आली! म्हणून अभियंते उत्प्रेरक विजेने तापवू पाहतात. शिवाय ऑक्साइडे उसळतात ती एकाएकी वेग घेताना. तो भार मोटरने उचलायचा आणि एंजिनाने संथ चालायचे, अशीही वाटणी करता येते.

हे सारे प्रयोगशाळेत साधणे सोपे. २०१५ साली फोक्सवागनच्या साध्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरत्या सोवळ्या होत असल्याचे उघड झाले. रस्त्यावर काहींची ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात. २०१७ पासून युरोपात नव्या नमुन्यांच्या मोटारींना मापनयंत्र बांधून त्या भर रस्त्यावर तपासतात. आपल्याकडेही ती तपासणी २०२३ साली लागू झाली.