शुद्ध पाणी आणि स्वच्छ पाणी

दाभोळकरांना पाण्याची किंमत सांगण्याचे कारण नाही. समोर वाशिष्ठीची खाडी तुडुंब भरलेली, पण पाणी खारट. साठवलेले पाणी राखावे लागते. ते कशापासून राखायचे, याबद्दल आपल्या समाजाची मोठी फसगत झाली. तिचा इतिहास आज आम्ही मांडणार आहो.

महाडचे चवदार तळे घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. ठराव दप्तरातच राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्या परिषदेसाठी खपलेले रा. बा. मोरे पुढे कामगार चळवळीत आले. म्हणून आम्हां कामगार कार्यकर्त्यांना हे तळे घरचे वाटते.

सनातन्यांनी मागाहून तळ्याची 'शुद्धी' केली. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरी मंत्रघोषात पाण्यात ओतल्या! वास्तविक १८८४ सालीच जर्मन शास्त्रज्ञ कोख यांना कलकत्त्याच्या एका तलावात पटकीचे जंतू सापडले होते. पाणी जातीने नासत नाही, मैल्याने नासते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पाणी 'शुद्ध' झाले, पण स्वच्छ झाले नाही. तळ्याचा कोर्टातला निकाल दलितांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले.

आज तळ्याची जागा टाकीने घेतली आहे. तिचे शास्त्र सोपे आहे: टाकी रिकामी करावी, गाळ काढून भिंती घासाव्यात, झाकण घट्ट ठेवावे, टीसीएल पावडर मापून घालावी आणि निदान अर्धा तास थांबावे. नळाच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे.

पण टाकीत उतरतो कोण? आम्ही अशा कामगारांबरोबर उतरलो आहो. आत हवा कोंडलेली, हाती खराटा, कमरेला दोर नाही, आणि वर आल्यावर त्याच माणसाला पाणी द्यायचे ते वेगळ्या पेल्यातून! हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ज्याच्या हातांनी आपले पाणी स्वच्छ होते, त्याचाच हात जोवर बाटतो, तोवर महाडचा लढा संपला असे आम्ही मानीत नाही. पुढच्या खेपेस टाकी धुतली जाईल, तेव्हा त्या माणसाच्या कमरेला दोर आहे का पाहा, आणि पहिला पेला आपल्याच भांड्यातून त्याला द्या.