घाट चढणारा घोडा आणि त्याचे काळीज

मुरबाडकडून नाणेघाट चढून गेले, की सातवाहनांचे लेणे लागते. तिथल्या नागनिका राणीच्या लेखात अश्वमेधाचा व दान दिलेल्या घोड्यांचा उल्लेख आहे. शहापूरच्या अंगाला कसाऱ्याचा थळघाट. १८६५ साली तिथून आगगाडी वर गेली. त्याआधी घाट चढायचा तो पायी, नाहीतर बैल-घोड्यांच्या जिवावर. तेव्हा मंडळी, या मुलखाची आणि घोड्याची ओळख फार जुनी.

आता घोडा दिसतो तो बहुधा वरातीत. पण चढावर तो मध्येच थबकला, की आजही कुणी म्हणतेच, "अंगचोर आहे, हाणा!" दोष दर वेळी अंगचोरपणाचाच असतो का?

निवांत उभ्या घोड्याचे काळीज मिनिटाला साधारण ३० ते ४० ठोके देते. भरधाव दौडीत २०० च्या वर. जबड्याच्या खालच्या कडेशी आतून बोटे टेकवा, नाडी लागेल. मधूनच ठरावीक अंतराने एखादा ठोका गळला, तर घाबरू नका. धडधाकट घोड्यातही विसाव्याला असे होते. जरा चालवला की ताल जुळतो.

पण नाडीला काही मेळच नसेल, तर गोष्ट निराळी. काळजाचे वरचे कप्पे तेव्हा नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. उभ्या घोड्यात खालचे कप्पे सावकाश भरतात, म्हणून काही कळत नाही. चढावर ठोके झपाझप पडू लागले, की भरायला सवड उरत नाही. मोट पुरती भरण्याआधीच ओढावी, तसे होते. रक्त कमी पुढे जाते आणि घोडा थकतो.

हे कळले कसे? हॉलंडच्या आइन्थोव्हेन यांनी १९०३ च्या सुमारास काळजातील विजेचा आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले. लंडनचे डॉक्टर थॉमस लुइस त्यावर माणसाच्या बेताल नाडीचे कारण शोधत होते. १९१० च्या सुमारास त्यांनी पशुवैद्याच्या मदतीने तशाच नाडीचे घोडे हुडकले आणि एकाची छाती उघडून ती थरथर डोळ्यांनी पाहिली. माणसाच्या दुखण्याची साक्ष मुक्या जनावराने दिली!

गुरुजी, मुलांना धावण्याआधी आणि नंतर स्वतःची नाडी मोजायला लावा. धडा पुस्तकाविना समजेल. आणि घोडेवाल्या बंधूंनो, चाबूक उगारण्याआधी दोन बोटे जबड्याला लावा. नाडी बेताल लागली, तर ओझे उतरवा आणि गुरांच्या दवाखान्याची वाट धरा.