गुप्तरोग : उपचार दोघांनीही घ्यावेत

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांना सर्रास 'गुप्तरोग' म्हटले जाते आणि हे नावच अनेकदा उपचारांच्या आड येते. उपदंश, परमा, क्लॅमिडिया, हर्पीस व एचआयव्ही हे त्यांतील प्रमुख संसर्ग. ते केवळ 'बाहेर' होतात, हा समज पुण्यातील संशोधनाने खोटा ठरवला.

पुण्यात १९९२ मध्ये 'राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था' (नारी) स्थापन झाली. १९९३ ते १९९६ या काळात शहरातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ महिलांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ३९१ महिला वेश्याव्यवसायातील नव्हत्या. तरीही त्यांतील १३.६ टक्के महिलांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. पतीशिवाय कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहितांचा त्यांत समावेश होता. जोडीदाराचा गुप्तरोग हा त्यांच्यासाठी मोठा धोका ठरला होता. हे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

संसर्ग कसा वाढतो?

जननेंद्रियांवरील व्रण व दाह यांमुळे एचआयव्हीचा शरीरात प्रवेश सुलभ होतो. परमा व क्लॅमिडिया यांची स्त्रियांमध्ये अनेकदा कोणतीच लक्षणे दिसत नाहीत. त्यामुळे पतीने एकट्याने औषध घेतल्यास पत्नीकडून त्याला पुन्हा लागण होते आणि तिच्या गर्भाशयनलिकांना इजा होऊन वंध्यत्वाचा धोका संभवतो. गर्भवतीच्या उपदंशावर वेळीच उपचार न झाल्यास गर्भपात होऊ शकतो किंवा मूल मृत जन्मू शकते.

प्रतिबंध

निरोधचा नियमित वापर, वेळेवर तपासणी आणि जोडीदारावरही उपचार ही त्रिसूत्री आहे. उपदंश, परमा व क्लॅमिडिया योग्य प्रतिजैविकांनी बरे होतात. हिपॅटायटीस-बी व एचपीव्ही यांवर लस उपलब्ध आहे. एचआयव्ही पूर्ण बरा होत नसला, तरी औषधांनी त्याचा प्रसार रोखता येतो. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवरील चाचणीत पुण्याच्या 'नारी'चाही सहभाग होता. एका जोडीदाराला एचआयव्ही असताना त्याने लवकर औषधे सुरू केल्यास दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये तिच्यातून दिसून आले.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालयांतील 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात. कसबा बावड्यासारख्या उपनगरांतील रहिवाशांना कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयाचा पर्याय आहे. एचआयव्ही तपासणीपूर्वी संमती घेणे आणि अहवाल गोपनीय ठेवणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगताही सल्ला घेता येतो.