रोशाच्या तेलाची सागरयात्रा

नंदुरबार तालुक्यांतील कोरीट हें तापीच्या खोऱ्यांतील एक गांव. उत्तरेस सातपुडा, नैर्ऋत्येस सह्याद्रीचे फांटे आणि मधून पश्चिमवाहिनी तापी, अशी या मुलखाची ठेवण आहे. मुलताईजवळ उगम पावून सुमारें ७२४ किलोमीटर वाहणारी ही नदी सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. समुद्र येथून दिसत नाहीं. पण या डोंगरांच्या व्यापाराचें दार पूर्वींपासून समुद्राकडेच उघडतें. मोंगल अमदानींत बऱ्हाणपुराहून सुरतेस जाणारा मार्ग नंदुरबारावरून जात असे.

या व्यापारांतील एका जिनसाची हकीकत श्रोत्यांस नवलाची वाटेल. सातपुड्याच्या उतारांवर रोशा नांवाचें सुगंधी गवत उगवतें. पावसाळा सरतां सरतां त्यास फुलोरा येतो. तेव्हां तें कापून हंड्यांत पाण्यासह उकळावयाचें, वाफ नळीवाटे थंड पाण्यांत बसविलेल्या भांड्यांत न्यावयाची आणि निवलेल्या पाण्यावर तरंगणारें तेल काढून घ्यावयाचें, अशी ही कृति. गवत, सरपण व वाहतें पाणी हीं तिन्ही एके ठिकाणीं हवींत. म्हणून भट्टी डोंगरांतल्या ओढ्याकांठीं लागे. घरोघरीं हें तेल संधिवातावर चोळीत.

एकोणिसाव्या शतकांत हेंच तेल मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या बंदरांत आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलास जाई. तेथें तें गुलाबाच्या अत्तरांत मिसळीत. गुलाबाच्या वासांतील जिरॅनिऑल हें द्रव्य रोशांतही विपुल असतें. त्यामुळें भेसळ सहसा ओळखूं येत नसे. युरोपच्या बाजारांत त्यास ‘तुर्की जिरेनियमचें तेल’ म्हणत. वास्तविक तें तुर्कस्तानचेंही नव्हे आणि जिरेनियमचेंही नव्हे!

परदेशीं नांव गेलें, तसा घरीं हक्कही गेला. १८७८ च्या जंगल कायद्यान्वयें डोंगर राखीव होत गेले. भिल्ल व पावरा लोकांची पिढीजात वहिवाट ही सरकारच्या मर्जीवरची सवलत ठरली. गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा त्यांचा हक्क कायद्यानें मान्य होण्यास २००६ साल उजाडावें लागलें.

निसर्गानें या मुलखास डोंगर दिले, सुगंध दिला आणि समुद्राकडे जाणारी वाटही दिली. त्या वाटेनें माल गेला. परंतु ज्यांनीं गवत कापलें त्यांचें नांव अत्तराच्या कुपीवर कधींच चढलें नाहीं. देशाच्या संपत्तीचा हिशेब मांडतांना डोंगरांत काय पिकतें एवढेंच पाहून भागत नाहीं; तें कोणाच्या हातून जातें आणि मोबदला कोणाच्या पदरीं पडतो, हेंही पाहावें लागतें.