मागचा धक्का आणि सहा हजार रुपये

मागून बसणारी धडक हा मोटार-अपघाताचा सर्वांत किरकोळ मानला जाणारा प्रकार. सिग्नलपाशी पुढची गाडी थांबते, मागच्याचा पाय ब्रेकवर क्षणभर उशिरा पडतो, डिकीचा पत्रा आत जातो, दिवा फुटतो, बंपर लोंबू लागतो. माणसाला खरचटलेलेही नसते. पुढचे दृश्य बेळगावात, इंदुरात किंवा मडगावात फारसे वेगळे नसते. दोन्ही चालक खाली उतरतात, बघे जमतात, आवाज चढतात आणि अखेर काही नोटा हातोहात दिल्या जाऊन प्रकरण मिटते. विमा बहुधा दोघांचाही असतो. पण त्याची आठवण क्वचितच कोणी काढतो. या प्रकाराला आपण नागरी शिस्तीचा अभाव म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या सवयीचे मूळ मोटार-कायद्याच्या आणि विम्याच्या इतिहासात शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिला अखिल भारतीय मोटार-कायदा १९१४ चा. नोंदणी आणि परवाना एवढ्यापुरताच त्याचा मुख्य आवाका होता. विम्याची सक्ती त्यात नव्हती. ती कल्पना इंग्लंडमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने रुजवली. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. मात्र त्यातील विम्याविषयीचे आठवे प्रकरण प्रत्यक्ष अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडावा लागला. हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद ही संस्थाने त्याच्या कक्षेबाहेर होती, आणि गोवा तर पोर्तुगीज अमलाखाली. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर आणि १९६१ च्या मुक्तीनंतर या प्रदेशांतील मोटारमालक क्रमाक्रमाने एकाच कायद्याखाली आले.

या सक्तीचा हेतू उदात्त होता. रस्त्यावरचा पादचारी गाडीखाली सापडून मेला किंवा जायबंदी झाला, तर गाडीवाल्याच्या कंगालपणामुळे त्याच्या कुटुंबाने उपाशी राहू नये, हा तो हेतू. साहजिकच मूळ सक्ती मृत्यू आणि शारीरिक इजा यांपुरती होती. दुसऱ्याच्या गाडीचा पत्रा चेपला, तर त्या भरपाईसाठी विमा असलाच पाहिजे असे कायदा म्हणत नव्हता. १९५६ च्या दुरुस्तीने अपघात-दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली, तीही देहाच्या हानीसाठीच. मालमत्तेचे नुकसान कायद्याच्या या चौकटीत आले ते १९६९ च्या दुरुस्तीने, २ मार्च १९७० पासून. या बाबतीत आपण इंग्लंडच्या पुढे होतो, हे नमूद करायला हवे. तेथे मालमत्तेच्या नुकसानीसाठी विम्याची सक्ती १९८८ च्या अखेरीस, युरोपीय समुदायाच्या निर्देशामुळे आली.

परंतु आपल्या तरतुदीला एक मर्यादा होती आणि ती आकड्यात लिहिलेली होती. तृतीय पक्षाच्या मालमत्तेसाठी सक्तीच्या विम्याची जबाबदारी एकंदर २,००० रुपये. १९८२ च्या दुरुस्तीने ती ६,००० झाली. १९८८ मध्ये संपूर्ण कायदा नव्याने लिहिला गेला, पण हा आकडा जसाच्या तसा नव्या कायद्यात आला. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० बाजारात आली, तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. म्हणजे सहा हजार ही रक्कम नव्या मोटारीच्या किमतीच्या सुमारे आठव्या हिश्शाएवढी होती, आणि त्यात डिकीचे दार, दिवे आणि रंगकाम सहज होऊन जाई. पुढील दशकांत मोटारींच्या किमती लाखांत गेल्या; कायद्यातले सहा हजार मात्र सहा हजारच राहिले. जीवितहानीच्या भरपाईवरील वैधानिक मर्यादा १९८८ च्या कायद्याने काढून टाकली होती. पत्र्यावरची कायम ठेवली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही मर्यादा विमा कंपनीच्या सक्तीच्या जबाबदारीची होती. चूक करणाऱ्याची जबाबदारी तेवढ्यावर संपत नसे. उरलेली रक्कम त्याच्याकडून व्यक्तिशः वसूल करण्याचा मार्ग खुला होता. पण वीस-पंचवीस हजारांच्या दुरुस्तीसाठी वकील नेमून वर्षानुवर्षे तारखा घेणे हा व्यवहार कोणत्याही शहाण्या माणसाला परवडणारा नव्हता.

चूक कोणाची, हा प्रश्नही वाटतो तितका अवघड नव्हता. १९८९ च्या रस्ता-नियमावलीतील २३ व्या नियमाप्रमाणे, पुढचे वाहन अचानक मंदावले किंवा थांबले तरी टक्कर टळेल एवढे पुरेसे अंतर ठेवणे हे मागून येणाऱ्याचे कर्तव्य होते. एका ट्रकवर मागून आदळलेल्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच नियमाचा आधार घेतला आणि दहा-पंधरा फुटांचे अंतर सुरक्षित म्हणता येणार नाही, असे ठरवले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात मात्र रस्त्याच्या मध्यभागी, इशाऱ्याच्या दिव्यांविना उभ्या असलेल्या टँकरच्या चालकाला न्यायालयाने दोषी धरले. म्हणजे ‘मागचा तो चुकला’ हे गृहीतक बळकट आहे, पण अभंग नाही. असे असूनही, ज्याच्या बाजूने नियम आहे त्या पुढच्या मोटारमालकालाच खर्च सोसावा लागतो. त्याचे कारण विम्याच्या अंतर्गत रचनेत आहे.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांकडे आला. एका बहिणीने दुसरीवर दावा लावण्यात फारसे हशील नव्हते. शिवाय ‘नॉक फॉर नॉक’ नावाचा, मूळचा विलायती संकेत विमाव्यवसायात होताच. आपापल्या ग्राहकाच्या गाडीचे नुकसान आपण भरायचे आणि दुसऱ्या कंपनीकडे वसुली मागायची नाही, असा तो समझोता. कंपन्यांच्या दृष्टीने हिशेब वर्षाअखेरीस बरोबरीत सुटतो. ग्राहकाच्या दृष्टीने सुटत नाही. कारण दोष नसतानाही दावा त्याच्याच पॉलिसीवर लागतो आणि त्याचा ‘नो क्लेम बोनस’ जातो.

याच काळात मोटारीची घडणही बदलली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट किंवा बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर, दोन्ही जाड पत्र्याच्या आणि पोलादी बंपरच्या. धक्का बसला की गाडी गल्लीतल्या डेंटरकडे जाई. तो पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीने पोक काढी, फाटले असेल तेथे गॅसने जोड देई, पुटी भरून घासून रंग मारी. खर्च होई तो मुख्यतः मजुरीचा. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये ‘रेनॉ ५’ प्लॅस्टिकचे बंपर घेऊन आली आणि हळूहळू तीच रीत जगभर रुळली. धक्क्याची ऊर्जा गाडीच्या टोकांनी चुरगळून पचवावी आणि मधला माणूस वाचवावा, हे बेला बारेनी यांचे १९५० च्या दशकातील तत्त्वही सर्वमान्य झाले. माणूस अधिक सुरक्षित झाला आणि गाडी अधिक खर्चिक झाली. तडकलेला बंपर ठोकून सरळ होत नाही. तो सहसा बदलावाच लागतो.

विम्याचे दरपत्रक मात्र प्लॅस्टिकवर मेहेरबान नव्हते. २००२ च्या मोटार दरपत्रकानुसार धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयानुसार वाढत जाई, पण रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर पहिल्या दिवसापासून ५० टक्के. उदाहरणादाखल हिशेब मांडू. १०,००० रुपयांच्या बंपरपैकी कंपनी ५,००० देईल, त्यातूनही सक्तीची वजावट कापून. पाच वर्षे दावा न केल्याने मालकाला हप्त्यावर ५० टक्के सूट मिळत असेल आणि सुटीशिवायचा हप्ता १०,००० असेल, तर दावा करताच पुढच्या वर्षी ५,००० जादा भरावे लागतील. मिळाले त्याहून गेले अधिक. अशा वेळी समोरच्याकडून रस्त्यावरच चार-पाच हजार घेऊन गप्प बसणे हा व्यवहारी माणसाने काढलेला अचूक हिशेब ठरतो.

पुढे सुधारणा झाल्या. त्याच दरपत्रकाने खाजगी मोटारींसाठी मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांपर्यंत नेली. परंतु हप्त्यात थोडी सूट घेऊन ती पुन्हा सहा हजारांवर आणण्याची मुभाही ठेवली. १ जानेवारी २००७ पासून दरांवरील बंधने उठली आणि कालांतराने घसारा न कापणाऱ्या पॉलिसी जादा हप्त्यावर मिळू लागल्या. २०१९ च्या दुरुस्तीने विम्याचे संपूर्ण प्रकरण नव्याने लिहिले गेले. १ एप्रिल २०२२ पासून ते अमलात आले आणि सहा हजारांचा तो आकडा कलमातून नाहीसा झाला. तोवर त्याने चाळीस वर्षे पुरी करत आणली होती.

कायद्याने पत्र्याआधी प्राणाची चिंता केली, हे योग्यच झाले. परंतु बहुसंख्य नागरिकांचा न्यायव्यवस्थेशी संबंध येतो तो अशाच लहान प्रसंगांतून. चूक आपली नाही, नियम आपल्या बाजूचा आहे आणि तरीही पदरमोड आपलीच, हा अनुभव दोन पिढ्यांनी घेतला. ज्याचा आवाज मोठा त्याचा निवाडा, ही समजूत त्यातून रस्त्यावर घट्ट झाली. कलमातला आकडा गेला म्हणून ती एका दिवसात जाणार नाही. पुढच्या गाडीच्या निर्दोष मालकाला त्याचा बोनस न गमावता पूर्ण भरपाई मिळू लागेल, तेव्हाच चौकातली ती गर्दी हळूहळू पांगू लागेल.