मैदान कोणाचे, खुर्ची कोणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुंडलिकनगरच्या गल्लीतून सकाळी बाहेर पडायचे, गजानन महाराज मंदिराचा चौक ओलांडायचा आणि गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे फिरायला जायचे, हा आमच्या भागातल्या पुष्कळांचा नेम. आमच्या गल्लीतली पोरे मात्र उभ्या केलेल्या मोटारींच्या मधल्या जागेत क्रिकेट खेळतात. चेंडू गच्चीवर गेला की बाद, हा त्यांचा नियम. डिसेंबर २०२४ मध्ये या संकुलाच्या बँक खात्यातून सुमारे साडेएकवीस कोटी रुपये परस्पर वळवल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि एका कंत्राटी कर्मचाऱ्याचे नाव पुढे आले. दोन-तीन आठवडे सकाळच्या फिरस्त्यांत दुसरा विषय नव्हता. शेजारच्या काकांनी एक साधा प्रश्न विचारला, "एवढे पैसे खात्यात होते, हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक तरी होते का?"

या प्रश्नाचा इतिहास बराच जुना आहे. मैदान बांधायला पैसा कोणी दिला, जमीन कोणाची आणि सामन्याच्या दिवशी चांगल्या खुर्चीवर बसले कोण, ही तीन प्रकरणे आपल्याकडे कधीच एकमेकांपासून सुटी झालेली नाहीत.

मुंबईपासून सुरुवात करू. हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना १९३३च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. प्रेक्षकांसाठी तिथे तात्पुरते मांडव होते. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला आणि क्लबचे चिटणीस अँथनी डिमेलो यांनी मुंबईत कायमचे स्टेडियम उभे करण्याचा ध्यास घेतला. समुद्र हटवून बॅकबेची नवी जमीन सरकारने काढली होती. त्यातली सुमारे ९० हजार चौरस यार्ड जागा क्लबला चौरस यार्डाला साडेतेरा रुपये दराने मिळाली. डिमेलोंनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्यापुढे सरकारला पैसा की स्वतःला अमरत्व असा पर्याय ठेवला आणि लाटसाहेबांनी अमरत्व पत्करले, अशी आख्यायिका सांगतात. खरीखोटी असो, नाव ब्रेबॉर्न स्टेडियम पडले. २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी उद्‌घाटन झाले.

म्हणजे जमीन सरकारने दिली आणि इमारत क्लबाची झाली. क्लब सभासदांचा असल्याने सभासदांच्या जागा आधी राखीव, उरल्या त्या इतरांच्या. भांडणाचे बी इथेच पेरले गेले. त्याच १९३७ साली पंचरंगी सामन्यांच्या वेळी हिंदू जिमखान्याने आपल्या वाट्याला पुरेशा जागा येत नाहीत म्हणून संघ मागे घेतला. स्टेडियमचा रंग वाळला नव्हता तोच खुर्च्यांवरून बहिष्कार! धर्मवार संघ पाडणाऱ्या त्या स्पर्धेवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती बंदही पडली, पण खुर्च्यांचे भांडण काही बंद पडले नाही.

स्वातंत्र्यानंतर पाव शतक मुंबईचे कसोटी सामने ब्रेबॉर्नवर झाले. सामना भरवायचा बॉम्बे क्रिकेट असोसिएशनने, म्हणजे शहरातल्या सगळ्या क्लबांच्या संघटनेने, आणि मैदान मात्र दुसऱ्याचे. दर सामन्याला संघटनेने तिकिटे वाढवून मागायची, क्लबने हात आखडता घ्यायचा. १९७३च्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्यानंतर हे अगदी हातघाईवर आले.

संघटनेचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे. हा मूळचा नागपूरचा माणूस. नागपूरचे महापौर, राज्याचे अर्थमंत्री आणि त्या काळात विधानसभेचे अध्यक्ष. समोर क्लबच्या बाजूने विजय मर्चंट, म्हणजे मुंबई क्रिकेटचे दैवत. दोघांच्या बोलण्यात काय काय झाले याच्या कहाण्या आजही रंगवून सांगितल्या जातात. मला त्यातला मानापमानाचा भाग फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचे हे की, एका बाजूला सभासदांच्या वर्गणीवर उभा असलेला खासगी क्लब होता, दुसऱ्या बाजूला सत्तेत असलेला माणूस होता, आणि तिकिटासाठी पहाटेपासून रांगेत उभा राहणारा प्रेक्षक या वाटाघाटीत कुठेच नव्हता.

वानखेडे यांनी मग स्वतःचेच स्टेडियम बांधायचे ठरवले. ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर, चर्चगेट स्टेशनला लागून, सरकारी जमीन भाडेपट्ट्याने होती. वास्तुविशारद शशी प्रभू यांनी आराखडा केला आणि वर्ष-सव्वा वर्षात काम उभे राहिले. आपल्याकडे एखादा पूल व्हायला किती वर्षे लागतात ते ध्यानात घेतले, म्हणजे सत्तेचे पाठबळ काय करू शकते ते कळते. २३ जानेवारी १९७५ रोजी वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना सुरू झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या, त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका पोराला पोलिसांनी चोपले, लोक भडकले आणि खेळ थांबला. भारत २०१ धावांनी हरला. ब्रेबॉर्नचे कसोटीवैभव त्या दिवसापासून संपले. पुढचा कसोटी सामना तिथे व्हायला २००९ साल उजाडले. सेहवागने २९३ काढल्या तोच तो सामना.

पुण्यातही तेच घडले. नेहरू स्टेडियम महापालिकेचे, म्हणजे पुणेकरांच्या करातले. १९९६च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला हरवले ते तिथेच. पण पासांवरून महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटना यांचे बिनसले आणि संघटनेने द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे कर्ज काढून नवे स्टेडियम बांधले. ते २०१२ मध्ये सुरू झाले. नाव देण्याच्या बदल्यात सहारा समूहाकडून यायचे पैसे अडकले, ती पाटी उतरली आणि कर्जाच्या हप्त्यांची चिंता संघटनेच्या मानगुटीवर बसली.

हे आपल्याकडेच होते असे नव्हे. न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनमध्ये डॉजर्स नावाचा बेसबॉलचा लोकप्रिय संघ होता. मालकाची तयारी स्टेडियम स्वखर्चाने बांधण्याची होती, मात्र मोक्याची जमीन शहराने मिळवून द्यावी अशी मागणी होती. ती फेटाळली गेली आणि १९५७च्या हंगामानंतर संघ सरळ लॉस एंजेलिसला गेला. तिथल्या शहराने टेकडीवरची जमीन दिली. तिच्यावर पूर्वी मेक्सिकन वंशाच्या गरीब कुटुंबांची वस्ती होती. गरिबांसाठी घरे बांधण्याच्या नावाखाली ती हलवण्यात आली होती. घरे झालीच नाहीत, १९६२ साली स्टेडियम मात्र झाले. पुढे अमेरिकेत संघ दुसऱ्या शहरात नेण्याची धमकी हे सरकारी पैसा मिळवण्याचे नेहमीचे हत्यार होऊन बसले. तिथल्या फुटबॉल लीगने १९९९ पासून नव्या स्टेडियमसाठी संघांना स्वतःच्या तिजोरीतून कर्ज देण्याची योजना काढली, तरी करदात्याची सुटका झाली नाही. अशा स्टेडियममुळे शहराची भरभराट होते हा दावा बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना पटलेला नाही. आपल्याकडे क्रिकेट मंडळही राज्य संघटनांना मैदानासाठी अनुदान देते. जमीन, रस्ता, पाणी आणि बंदोबस्त यांचा हिशेब त्या अनुदानात नसतो.

पाण्यावरून आठवले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. लोकांनी स्टेशनात जाऊन गाडी डोळ्यांनी पाहिली. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आयपीएलची याचिका होती. राज्यातल्या सामन्यांसाठी खेळपट्ट्या आणि मैदानांवर सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असे त्यात म्हटले होते. लातूरच्या अशा बारा गाड्यांचे हे पाणी! ते पिण्याचे नाही, प्रक्रिया केलेले वापरू, असे संघटनांचे म्हणणे होते. तेही अगदीच चुकीचे नव्हते. सामने हलवून लातूरच्या नळाला थेंबभरही पाणी वाढणार नव्हते. तरीही न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. १ मेच्या पुण्यातल्या एका सामन्याला तेवढी सवलत मिळाली. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला. मराठवाड्यात आयपीएलचा एकही सामना आजवर झालेला नाही, पण त्या स्पर्धेच्या इतिहासात मराठवाड्याचा संबंध आला तो असा.

वानखेडेच्या जमिनीचा भाडेपट्टा २०१८ मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी जिल्हाधिकारी कार्यालयाने मुंबई क्रिकेट संघटनेला सुमारे १२० कोटींच्या थकबाकीची नोटीस धाडली. २०२३ मध्ये राज्य सरकारने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क घटवले, आणि तेही मागे जाऊन २०११ पासून. त्यावरून उच्च न्यायालयाने सरकारला खडसावले. श्रीमंत संघटनेला ही सूट कशासाठी, हा प्रश्न आमच्या गल्लीतल्या पोरानेही विचारला असता.

दुसऱ्या बाजूला २००१च्या क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका अशा पातळ्यांवर संकुले बांधायची योजना आणली. गारखेड्याचे संकुल याच विभागीय पातळीवरचे. इथे पासांसाठी कुणी भांडत नाही, अध्यक्षाचा मान राखला गेला नाही म्हणून दुसरे स्टेडियम कुणी बांधत नाही. बहुधा म्हणूनच खात्यावर कुणाचे लक्ष नव्हते. ब्रेबॉर्नच्या सभासदाला आपली खुर्ची कुठली ते माहीत होते आणि ती गेली असती तर त्याने दुसऱ्या दिवशी क्लबच्या दारात उभे राहून जाब विचारला असता.

काकांनी परवा संकुलाच्या व्यवस्थापनाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. गेल्या पाच वर्षांत धावपट्टीवर किती खर्च झाला, एवढेच विचारले आहे. पोहोच खिशात घेऊन ते रोज फिरायला येतात.